शेपटाचं पाणी

(दृश्य : पहाट. नाशिक जिल्ह्यातल्या ओझर शिवारातली चारी. पाणी कोरड्या तळावरून पुढे सरकतंय.)

वाळलेली पानं, काटक्या पुढे ढकलत हे पाणी येतंय ते दिंडोरी तालुक्यातल्या वाघाड धरणातून. ही चारी म्हणजे कालव्याचं शेपूट. धरण झालं, कालवा आला, तरी इथल्या शेताला वर्षानुवर्षं पाटाचं पाणी भिडलंच नाही. माथ्याकडचे आधी भरून घ्यायचे. खाली पाळी येईतो चारी कोरडी.

बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने या शेवटच्या माणसांना एकत्र बसवलं. १९९१च्या सुमारास ओझरला शेतकऱ्यांच्या तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या : महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा.

(दृश्य : मोजपट्टी जवळून. पाटकरी, म्हणजे पाटाचं पाणी सोडणारा माणूस, वाकून वाचतो.)

इथे थोडं थांबू. सगळी करामत या पट्टीत आहे.

पूर्वी पाणीपट्टी लागायची ती पिकावर आणि क्षेत्रावर. रान चिंब केलं काय, बेतानं भिजवलं काय, आकारणी तीच. मग हात कोण आखडेल? संस्थांनी पाणी मोजून मागितलं. चारीच्या तोंडाशी प्रवाहमापक बसला. पाण्याची उंची वाचायची, तक्त्यातून प्रवाह काढायचा, किती वेळ पाणी चाललं त्याने गुणायचं. जेवढे घनमीटर घेतले, तेवढ्याचेच पैसे. पाटबंधारे खात्याने संस्थेला मापून द्यायचं, संस्थेने सभासदांत वाटायचं, आणि पीक कुठलं घ्यायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं.

वाचवलेलं पाणी आपल्याच खात्यात राहतं म्हटल्यावर माणूस रात्री दारं धरून रानाला पाणी देतानाही घड्याळ बघतो.

(दृश्य : बाणगंगा नदीचं पात्र, बंधारा, काठावरची विहीर.)

बाणगंगेवर बंधारे घातले, पाटाचं पाणी त्यांत सोडलं. ते मुरलं आणि काठच्या विहिरींना पाझर फुटले. विहीर माझी, पण तिच्यातलं पाणी सगळ्यांचं, हे गावाच्या गळी उतरवणं मोजमापापेक्षा अवघड होतं. माझ्या लेखी खरा शोध तोच.

(दृश्य : ठिबकच्या नळ्या, द्राक्षबाग.)

पुढे वाघाडवर अशा चोवीस संस्था झाल्या, २००३ साली सगळ्या प्रकल्पाचा कारभार शेतकऱ्यांकडे आला, २००५ साली राज्याने शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला.

(दृश्य : संध्याकाळ. पाटकरी दार खाली घेतो.)

आजची पाळी शेपटाकडून सुरू झाली होती. पाटकरी वहीत वेळ टिपतो, शेजारच्या शेतकऱ्याला आकडा दाखवतो, आणि सायकल घेऊन वरच्या दाराकडे निघतो.