तुरटी, मोरचूद आणि लिंबूफूल

नमस्कार, श्रोतेहो. घरच्या घरी स्फटिक वाढवू पाहणारे बहुतेक जण मिठापासून सुरुवात करतात आणि निराश होतात. 100 मिलिलिटर पाण्यात 20 अंश सेल्सिअसला सुमारे 36 ग्रॅम मीठ विरघळते, तर उकळत्या पाण्यात जेमतेम 39. त्यामुळे द्रावण निवले तरी फारसे मीठ बाहेर पडत नाही. द्राक्षबागेवर फवारतात त्या बोर्डो मिश्रणातला मोरचूद, म्हणजेच कॉपर सल्फेट, मात्र 20 अंशांना सुमारे 32 ग्रॅम आणि 60 अंशांना सुमारे 60 ग्रॅम विरघळतो, आणि निवताना जादा झालेला भाग निळ्याशार खड्यांच्या रूपाने तळाशी बसतो. त्यांतला एक नितळ खडा नायलॉनच्या दोऱ्याला बांधून, गाळून थंड केलेल्या संपृक्त, म्हणजे आणखी काही विरघळू न शकणाऱ्या, द्रावणात टांगावा, बरणी कागदाने झाकावी आणि काही आठवडे तिला धक्का लावू नये. द्रावण पुरते संपृक्त नसेल, तर खडा वाढण्याऐवजी विरघळतो. माझे पहिले दोन खडे असेच रातोरात नाहीसे झाले.

मोरचूद विषारी आहे. त्यासाठी स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत, हातमोजे घालावेत आणि उरलेले द्रावण ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये, कारण ते माशांना मारक ठरते. घरात लहान मुले असतील, तर तुरटीच बरी. तिचे अष्टफलक, म्हणजे आठ पृष्ठांचे खडे, पारदर्शक आणि देखणे असतात. पाण्यात खाण्याचा रंग मिसळला, तरी तो त्यांच्या रचनेत सहसा शिरत नाही.

छायाचित्रासाठी मात्र सर्वांत रंगीत स्फटिक निघतात ते रंगहीन लिंबूफुलाचे, म्हणजेच सायट्रिक ॲसिडचे. त्याच्या दाट द्रावणाचा थेंब काचपट्टीवर पातळ पसरून वाळू द्यावा. लॅपटॉपच्या एलसीडी पडद्यातून येणारा प्रकाश ध्रुवीकृत, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, असतो. त्या पडद्यावर कोरे पांढरे पान उघडून काचपट्टी त्याच्यासमोर धरावी आणि कॅमेऱ्यावरचा पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेचा प्रकाश जाऊ देणारा फिल्टर, पडदा काळा दिसेपर्यंत फिरवावा. स्फटिकातून जाताना प्रकाशाचे दोन भाग वेगवेगळ्या वेगाने पुढे सरकतात, आणि थराच्या जाडीप्रमाणे जांभळे, केशरी, मोरपंखी पंखे त्या काळोखात उमटतात. तुरटीचा सुंदर खडा तिथे धरला, तर तो काळाच राहतो. घनाकृती रचनेच्या स्फटिकात प्रकाश असा दुभंगत नाही. कॅमेरा तिपाईवर ठेवून, खोलीतले दिवे मालवून, काचपट्टी थोडी थोडी फिरवत जावे. तिच्या प्रत्येक कोनाला पंख्यांचा वेगळा भाग उजळतो.