नुकताच पाहिलेला चित्रपट आणि त्यावरच्या गप्पा

नमस्कार मंडळी.

चार माणसं जमली की "परवा एक पिक्चर पाहिला" हे कोणीतरी म्हणतंच. मग एक म्हणतो भारी, दुसरी म्हणते बोअर, तिसऱ्याचं ठरलेलं असतं, "एकदा बघायला हरकत नाही." दोन मिनिटांत विषय बदलतो. दोन-अडीच तास खर्चून पाहिलेल्या गोष्टीबद्दल इतकंच बोलून थांबावं, याचं वाईट वाटतं. बोलण्यासारखं पुष्कळ असतं आणि त्यासाठी समीक्षक व्हावं लागत नाही. आज एकच आग्रह धरायचा आहे. मत काहीही असो, ते चित्रपटातल्या एखाद्या जागेवर बोट ठेवून सांगा.

"उत्तरार्धात पकड सुटते" हे वाक्य घ्या. समजा, वडिलांचं घर विकायला भाऊ-बहीण एकत्र आलेत अशी कथा आहे. आता तेच मत असं सांगून पाहा: "घर विकायचं की नाही हा वाद तीनदा होतो. आधी स्वयंपाकघरात, मग गच्चीवर, मग गाडीत. तिन्ही वेळा दोघं तेच बोलतात, आपल्याला नवं काही कळत नाही." ऐकणाऱ्याला लगेच धरायला काहीतरी मिळतं. तो म्हणेल, "नाही हो, गाडीत बहीण पहिल्यांदाच गप्प आहे. भाऊ एकटाच बोलतोय. तिनं घर मनातून सोडलंय हे तिथं कळतं." इथून पुढे गप्पा आपोआप रंगतात, कारण दोघांच्या डोळ्यांसमोर एकच दृश्य आहे आणि ते पुन्हा लावून बघताही येतं.

"संथ आहे" या तक्रारीचंही तसंच. कंटाळा येण्याची कारणं निरनिराळी असतात. कधी शॉट लांब असतात. कधी आपल्याला आधीच कळलेली गोष्ट पात्रं एकमेकांना पुन्हा सांगत बसतात. कधी मुख्य पात्राला नेमकं काय हवंय हेच समजलेलं नसतं, त्यामुळे पुढे काय होईल याची उत्सुकता राहत नाही. तपासायला सोपं आहे. जिथं जांभई आली तो भाग पुन्हा लावा आणि एका मिनिटातले कट, म्हणजे एक शॉट संपून दुसरा सुरू होण्याच्या जागा, मोजा. हाणामारीच्या दृश्यात मिनिटाला वीस-पंचवीस कट सहज निघतात, शांत कौटुंबिक दृश्यात पाच-सहासुद्धा पुरतात. कट भराभर पडताहेत आणि तरीही कंटाळा येतोय, असं पुष्कळदा आढळतं. मग दोष संकलकाच्या माथी मारू नका, पटकथा पाहा.

मत देण्याआधी आणखी एक गोष्ट सांगायला हवी, ती म्हणजे आपण चित्रपट कसा पाहिला. थिएटरात, टीव्हीवर, की फोनवर? मूळ भाषेत की डब केलेला? एका बैठकीत की तीन रात्रींत तुकड्या-तुकड्यांनी? डब केलेल्या आवृत्तीवर "संवादफेक कृत्रिम वाटली" असं म्हणताना आपण मूळ नटाबद्दल बोलतच नसतो. सबटायटलं वाचायला वेळ मिळावा म्हणून वाक्यं छाटून बसवलेली असतात, त्यामुळे बोलीतली गंमत आणि कोट्या त्यांत बहुधा गळतात. "विनोद जमलेले नाहीत" हे सबटायटलांच्या भरवशावर ठरवणं धोक्याचं.

टीव्हीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण चित्रपटाच्या नावावर खपणाऱ्या कितीतरी तक्रारी खरं तर टीव्हीच्या असतात. "एवढा मोठा चित्रपट, पण मालिकेसारखा दिसतो" ही त्यातली पहिली. चित्रपट बहुधा सेकंदाला २४ चौकटींनी, म्हणजे २४ स्थिर चित्रांनी, चित्रित होतो. हल्लीचे टीव्ही मधल्या चौकटी स्वतः तयार करून त्यात घुसवतात, हालचाल गुळगुळीत होते आणि चित्रपटाचा पोतच जातो. सेटिंगमध्ये चित्राच्या विभागात हा पर्याय सापडतो. एलजीवर त्याला ट्रूमोशन म्हणतात, सोनीवर मोशनफ्लो, सॅमसंगवर ऑटो मोशन प्लस किंवा नव्या टीव्हींवर पिक्चर क्लॅरिटी. तो बंद करा. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो निवडला तरी काम होतं.

दुसरी तक्रार वर-खाली दिसणाऱ्या काळ्या पट्ट्यांची. पट्ट्या नकोत म्हणून झूम करणारे बरेच जण आहेत. रुंद पडद्याच्या चित्रपटाची चौकट २.३९ : १ असते, टीव्हीची १६ : ९, म्हणजे साधारण १.७८ : १. झूम करून पडदा भरला की रुंदीचा जवळजवळ चौथा भाग कापला जातो. दोन पात्रं चौकटीच्या दोन टोकांना उभी करून दिग्दर्शकानं त्यांच्यातलं अंतर दाखवलेलं असतं आणि आपल्याला दिसतात दोन अर्धे खांदे. मग "कॅमेरावर्क काही खास नाही" हे मत कुठून आलं, ते कळतं.

तिसरी आणि सगळ्यांत मोठी तक्रार: "संवाद ऐकूच येत नाहीत, आणि गाणं लागलं की घर हादरतं." थिएटरसाठीचा आवाज निदान सहा वाटांनी येतो. पुढे तीन, बाजूंना दोन आणि एक खर्जासाठी. संवाद बहुतेक पुढच्या मधल्या वाटेत असतात. टीव्हीच्या दोन स्पीकरांत हे सगळं एकत्र कोंबलं की संगीत आणि इतर आवाज संवादांवर चढतात. त्यात घरी आवाज थिएटरपेक्षा पुष्कळ कमी ठेवलेला असतो, म्हणून हळू बोललेलं पहिल्यांदा बुडतं. उपाय असा: ओटीटीवर आवाजाच्या पर्यायांत ५.१ (म्हणजे वरच्या सहा वाटांचा) आणि स्टिरिओ (दोन वाटांचा) असे दोन ट्रॅक असतील आणि तुमचे स्पीकर दोनच असतील, तर स्टिरिओ घ्या. टीव्हीत किंवा साउंडबारमध्ये संवाद स्पष्ट करणारा पर्याय असतो, तो चालू करा. नाइट मोडनं मोठ्या आणि लहान आवाजांतलं अंतर कमी होतं. एवढं करूनही शब्द कळत नसतील, तर खुशाल ध्वनिमिश्रणाला नावं ठेवा.

आता अभिनय. "अभिनय सुंदर" म्हणताना आपण बहुधा मोठमोठ्या संवादांबद्दल बोलत असतो. समोरचा बोलत असताना जो ऐकतोय, त्याच्याकडे पाहा. काय ऐकल्यावर चेहरा बदलला, की आपली ओळ यायची तो वाट बघतोय? इथं एक खबरदारी घ्यावी लागते. १९२०च्या सुमारास लेव्ह कुलेशॉव्ह या रशियन दिग्दर्शकानं एकाच नटाचा तोच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या चित्रांना जोडून दाखवला आणि पाहणाऱ्यांना त्या चेहऱ्यावर वेगवेगळ्या भावना दिसल्या, असं सांगतात. म्हणजे आपण नटाच्या खात्यावर जमा करतो त्यातलं बरंचसं श्रेय शेजारच्या शॉटचं असतं. आणि पार्श्वसंगीताचंही! ज्या दृश्यात डोळ्यांत पाणी आलं, ते दोन मिनिटं आवाज बंद करून पाहा. तरीही आत काही हललं, तर नटाला मनापासून दाद द्या.

कॅमेऱ्याबद्दल बोलताना डोंगर-समुद्राच्या पलीकडे जायला हवं. दोन माणसांचं बोलणं कसं टिपलंय ते पाहणं मला जास्त मोलाचं वाटतं. सुरुवातीला एकाच्या खांद्यावरून दुसरा दिसत असेल आणि भांडणानंतर दोघं वेगवेगळ्या चौकटींत एकेकटे दिसू लागले असतील, तर ते योजून केलेलं असतं. असं एक निरीक्षण गप्पांत आलं की ऐकणारे तो चित्रपट पुन्हा काढून बघतात.

कथा फोडण्याचा प्रश्न उरतो. बोलायला लागण्यापूर्वी "कोणाचा बघायचा राहिलाय?" हे विचारून घ्या. एक जरी हात वर आला, तर पहिल्या अर्ध्या तासातलंच सांगा, भरपूर पुरतं. आणि "शेवटी जबरदस्त धक्का आहे" हेसुद्धा सांगू नका. ते ऐकलेला माणूस पहिल्या मिनिटापासून प्रत्येक पात्रावर संशय घेत बसतो, आणि दिग्दर्शकानं जपून उभी केलेली गोष्ट त्याला त्या वेगानं कधीच भेटत नाही.

तारे आणि टक्क्यांवर फार विसंबू नका. समीक्षकांची मतं एकत्र करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळावरचा आकडा म्हणजे किती टक्के समीक्षकांनी अनुकूल लिहिलं, एवढंच. सगळ्यांनी "ठीक आहे, बरा आहे" म्हटलं तरी तिथं शंभर टक्के दिसू शकतात. उलट निम्म्यांना वेड लावणारा आणि निम्म्यांना न आवडलेला चित्रपट पन्नासवर अडकतो. तो कदाचित तुमच्यासाठीच असेल. आकडा बघायचाच असेल, तर आपल्या तीन ओळी आधी लिहून ठेवा: कोणती जागा आवडली, कोणती खटकली, आणि हा चित्रपट कोणाला सांगाल. दुसऱ्याचं मत वाचल्यावर आपलं पहिलं मत कसं होतं, हे आठवणं फार कठीण जातं.

आपल्या मेळाव्यात असा कट्टा भरवायचा तर आठ-दहा जण पुरेत. प्रत्येकाला तीन मिनिटं, एकानं घड्याळ सांभाळायचं. ज्याला चित्रपट आवडला नाही त्यानं आधी बोलावं. आवडलेल्यांनी आधी कौतुक केलं की नावडलेला बहुतेक वेळा गप्प बसतो, आणि त्याच्याकडेच बोट ठेवण्यासारखी जागा असते. आज चहानंतर पलीकडच्या खोलीत बसू. दारातच सांगा, तुमचा कोणता चित्रपट बघायचा राहिलाय.