लढा कधी सुरू होतो, चित्रपट कधी संपतो

मंडळी, स्वातंत्र्यलढ्यावरचा युद्धपट बघायला बसलात की एक करा. पहिलं दृश्य कोणत्या सालातलं आणि शेवटचं कोणत्या, एवढं कागदावर टिपा. निम्मं राजकारण त्या दोन आकड्यांत सापडतं.

‘द बॅटल ऑफ अल्जिअर्स’ घ्या. १९६६ चा, जिलो पोंतेकोर्व्हो यांचा. १९५७ मध्ये फ्रेंच पॅराशूट सैनिकांनी अल्जिअर्समधली, म्हणजे फ्रेंच अमलाखालच्या अल्जीरियाच्या राजधानीतली, बंडखोरांची संघटना मोडून काढली. बंडखोरांचा म्होरक्या अली ला पॉइंट ज्या भिंतीआड लपला होता, ती जागाच सुरुंगाने उडवली. लष्करी हिशेबात हा साफ पराभव. पण चित्रपट तिथे थांबत नाही. तीन वर्षं ओलांडून तो थेट डिसेंबर १९६० च्या निदर्शनांत उतरतो आणि मग १९६२ चं स्वातंत्र्य निवेदनातून सांगून टाकतो. मधल्या तीन वर्षांत कोण कुणाशी भांडलं, काही नाही. पराभवाचा विजय झाला तो संकलनाच्या टेबलावर.

तरी हा चित्रपट प्रचारपट होत नाही, त्याचं कारण एका प्रसंगात आहे. तीन बायका आरशासमोर केस कापतात, युरोपीय पेहराव करतात, बॉम्ब घेऊन फ्रेंच वस्तीत शिरतात. त्यांतली एक मिल्क बारमध्ये बसते आणि कॅमेरा तिच्या नजरेने गिऱ्हाइकांचे चेहरे बघत फिरतो. त्यात आइस्क्रीम चाटणारं एक लहान पोर आहे. ते पोर दाखवणं टाळता आलं असतं. शिवाय अरब वस्तीतल्या आणि फ्रेंच वस्तीतल्या मृतदेहांवर संगीत एकच वाजतं.

सगळं बातमीपटासारखं दिसतं, पण खऱ्या बातमीपटाचा एक फूटही त्यात नाही. काळ्यापांढऱ्या प्रतिमेचा खरखरीत पोत, गर्दीत घुसलेला कॅमेरा, बहुतेक सगळे हौशी चेहरे; फ्रेंच कर्नलचं काम करणारा जाँ मार्तँ तेवढा मुरलेला नट. सादी यासेफ तर लढ्याचे पुढारीच. ते निर्मात्यांपैकीही एक आणि पडद्यावर जवळपास स्वतःच्याच भूमिकेत. साक्षीदारच पैसा उभा करत असेल तर साक्ष कितपत धरायची, हे ज्याचं त्याने ठरवावं.

केन लोच यांनी २००६ च्या ‘द विंड दॅट शेक्स द बार्ली’मध्ये उलटं केलं. डिसेंबर १९२१ चा ब्रिटिशांशी तह झाल्यावरही आयर्लंडची गोष्ट चालूच राहते आणि शेवटी एक भाऊ दुसऱ्याला गोळी घालायला लावतो. असा शेवट करायला छाती लागते.

आता आपल्याकडे या. निजामाच्या हैदराबाद संस्थानावरची ‘पोलीस ॲक्शन’ घ्या. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून भारतीय फौज नळदुर्गात आली, बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागला आणि १७ ला निजामाने शरणागती जाहीर केली. पाच दिवस, रणगाडे, पूल: पडद्याला हे फार सोयीचं. पण चित्रपट १३ तारखेला सुरू केलात की मराठवाड्याचा माणूस नुसता वाट बघणारा उरतो. १९३८ चा सत्याग्रह, वंदे मातरमसाठी उस्मानिया विद्यापीठ सोडणारे विद्यार्थी, सरहद्दीवरचे लढवय्यांचे कॅम्प, ३० जानेवारी १९४८ ला शस्त्रांच्या पैशासाठी लुटलेली उमरीची बँक, सगळं आपोआप बाहेर जातं. उमरीची तारीख पुन्हा बघा: त्याच संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. पटकथेला आणखी काय हवं!

तपशिलात चूक ठरलेली असते. चित्रीकरण उन्हाळ्यात उरकतात, मग मागे उघडी, भेगाळलेली रानं दिसतात. सप्टेंबरात इथे खरीप उभं असतं, ज्वारी-बाजरीत माणूस सहज लपतो, आणि काळ्या मातीच्या चिखलामुळे जड गाड्यांना सडक सोडवत नाही. पाठलागाची आखणी यावरच करावी लागते. व्यवहारात हाली सिक्का, म्हणजे निजामाचं चलन, कचेरीत उर्दू कागद. तिथे मराठी पाटी दिसली की प्रसंग गेलाच.

आणि शेवटची तारीख? १७ ला तिरंगा फडकवून संपवणं सोपं. भारत सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने १९४८ च्या अखेरीस हा मुलूख फिरून पाहिला. पोलीस ॲक्शनमध्ये आणि त्यानंतर २७ ते ४० हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज तिच्या अहवालात आहे, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत तेव्हाचं उस्मानाबाद आणि नांदेड आहे. तो अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला होता. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांचे अत्याचार दाखवणाऱ्याला हेही दाखवायचं असेल, तर कॅमेरा निदान डिसेंबरपर्यंत चालू ठेवावा लागेल.