रानात जाताना झोत कुठं हवा?

मंडळी, ज्यांच्या रानात ऊस आहे आणि ज्यांना पाण्याच्या मोटारीची लाइट आठवड्यातले काही दिवस रात्रीच मिळते, त्यांच्याशी मला आज एकाच वस्तूबद्दल बोलायचं आहे. पुढचं तोंड सरकवलं की झोत बारीक-मोठा होणारी ही झूमची बॅटरी. दुकानदार ती दाखवतो कशी? झोत बारीक करतो आणि लांबच्या पाण्याच्या टाकीवर मारतो. टाकी उजळते, गिऱ्हाईक पैसे काढतं. पण रात्री दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी पाजायला, जाणाऱ्या माणसाला आधी स्वतःच्या पायापुढची दोन पावलं दिसायला हवीत. आज सगळं बोलणं त्याच अंगानं करतो.

जरा दिवे घालवा. आता भिंतीवर बघा, झोत पूर्ण बारीक केला आहे. ठिपका चौकोनी पडला. बॅटरी गोल, भिंग गोल, मग चौकोन आला कुठून? आतली एलईडीची पिवळी टिकली चौकोनी आहे आणि पुढचं फुगीर भिंग तिचीच मोठी प्रतिमा भिंतीवर उमटवतं. आता तोंड मागं घेतो. मोठा गोल झाला. मधे डोळे दिपतील असं काही नाही, कडेपर्यंत सारखा उजेड आहे. या बॅटरीचा हाच सगळ्यांत मोठा गुण, आणि दुकानात तो कोणी दाखवत नाही. स्टार्टरचं झाकण उघडून तारा बघायच्या आहेत, रात्री गोठ्यात गाय विते आहे, पाइपाचा जोड निसटलाय, अशा हाताजवळच्या कामाला इतका स्वच्छ उजेड साध्या बॅटरीतून मिळत नाही.

तोटा कुठं आहे, तोही बघू. एलईडीचा उजेड समोरच्या अर्ध्या गोलात सगळीकडं पसरतो. समजा भिंग ३० मिलिमीटर रुंद आहे. ते टिकलीपासून ८ मिलिमीटरवर असेल तर पाऊण हिश्शाहून थोडा जास्त उजेड त्याच्यावर पडतो. झोत बारीक करायला तेच भिंग २५ मिलिमीटरवर नेलं, की जेमतेम पाव हिस्सा त्याच्या वाट्याला येतो. उरलेला नळीच्या काळ्या भिंतीला धडकून तिथंच जिरतो, सेल मात्र तितकाच खर्च होत राहतो. म्हणजे लांबचं झाड उजळताना आपण पाऊण उजेड आतल्या आत घालवत असतो. जर्मनीच्या लेडलेन्सर कंपनीनं भिंग आणि आरसा एकाच भागात बसवून हे नुकसान बरंच कमी केलं, पण तसल्या बॅटऱ्या महाग असतात.

आता ही दुसरी, साधी, आत चकचकीत वाटी असलेली. हिच्यात झूम नाही. मधे प्रखर ठिपका आहे आणि त्याच्या भोवती फिकट उजेडाचं मोठं कडं. ते फिकट कडं लोकांना वाया गेलेला उजेड वाटतं. मला विचाराल तर रानात जीव वाचवणारा उजेड तोच. झूमची बॅटरी बारीक केली की हे कडं उरतच नाही. समोर ५० मीटरवर शेवरीचं झाड लख्ख दिसतं आणि बांधावर आपल्या पायाखाली मिट्ट काळोख. शिवाय त्या प्रखर ठिपक्याकडं बघून डोळ्याची बाहुली आकसलेली असते. अंधाराला पुन्हा पुरतं सरावायला डोळ्याला वीस-तीस मिनिटं लागतात.

आपल्या भागात याचा अर्थ घोणस, नाग, मण्यार. बिबट्याचे डोळे उजेडात चमकतात, कारण त्याच्या डोळ्याच्या मागच्या बाजूला उजेड परतवणारा पडदा असतो. सापाला तसा पडदा नसतो. पाचटात वेटोळं घालून पडलेली घोणस लांबून चमकून कळणार नाही, तिचं अंगच दिसावं लागतं, आणि तेही पाऊल पडायच्या आधी. बिबट्यासाठीही एक सांगतो. चमक उजेड आला त्याच वाटेनं परत जाते. म्हणून उसाच्या कडेनं बघताना बॅटरी कमरेजवळ न धरता डोळ्याच्या शेजारी धरा. पसरलेला फिकट उजेड असला तर बाजूला बसलेल्या जनावराचे डोळेही लुकलुकतात. बारीक झोतात फक्त जिथं मारला तिथलेच.

बारीक झोत कुचकामी आहे असं मात्र म्हणू नका. थंडीत कृष्णाकाठी पहाटे धुकं उतरतं तेव्हा कडेचा उजेड धुक्यावरून उलटा आपल्याच डोळ्यांत येतो. तिथं कडं नसलेला बारीक झोतच जास्त आत शिरतो. २०१९ च्या ऑगस्टचा पूर आपण सगळ्यांनी पाहिला आहे. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. अशा रात्री पाण्यापलीकडचं छप्पर शोधायला, नावेला आपली जागा दाखवायला हा झोत सोन्यासारखा आहे.

पाण्यावरून आठवलं. सरकणारं तोंड लोहाराच्या भात्यासारखं काम करतं. पुढं ओढलं की बाहेरची हवा आत येते, आणि बॅटरी ओली असेल तर ओलही. मग भिंगाला आतून वाफ धरते. भिजलेल्या बॅटरीचं तोंड पुसल्याशिवाय सरकवू नका.

खोक्यावरच्या आकड्यांबद्दल थोडक्यात. पल्ला २०० मीटर लिहिलाय म्हणजे, बॅटऱ्यांचा उजेड मोजायचं एफएल-१ मानक पाळलं असेल तर, तिथं पाव लक्स उजेड पडतो, पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. त्यात तिथं काय दिसणार ते तुम्हीच ठरवा. आणि १८६५० जातीच्या, म्हणजे पुन्हा चार्ज होणाऱ्या, एका सेलवर दहा हजार लुमेन (लुमेन म्हणजे एकूण उजेडाचं माप) लिहिलं असेल तर बॅटरी खाली ठेवा. तेवढ्या उजेडाला ८० वॅटच्या आसपास लागतील, आणि चांगल्या सेलमध्येही साठा साधारण ११ वॅट-तासांचाच असतो, म्हणजे तो आठ-नऊ मिनिटांत संपेल.

मघाशी तात्यांनी विचारलं, घरात झूमचीच बॅटरी आहे, मग काय फेकून द्यायची? नाही, तात्या. चालताना तोंड कायम मागं, झोत मोठा. वाटल्यास तिथं चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे खिशात आपोआप सरकणार नाही. पट्टी नसेल आणि लांबचं बघायचं असेल तर आधी थांबा, मग झोत बारीक करा, बघून झाल्यावर पुन्हा मोठा करा आणि मगच पाऊल उचला. आणि दारं मोडताना दोन्ही हात खोऱ्याला लागतात, तेव्हा कपाळाला बांधायची एक छोटी बॅटरी वेगळी घ्या. ती घेताना झूम मागू नका, पसरट उजेडाची मागा.