ढीग कसा सरकतो

नमस्कार, श्रोतेहो.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत एका बांधकामासाठी वाळूचा ढीग टाकला होता. पहिल्या सरींनी तो छान घट्ट बसला, पोरांनी त्यात पाय खुपसून खोपेसुद्धा केले. संध्याकाळी धो धो कोसळला, आणि कुणी हातही न लावता ढिगाची एक बाजू खचून रस्त्यावर पसरली. थोडं पाणी कणांना धरून ठेवतं. फार झालं की तेच पाणी त्यांना एकमेकांपासून लोटतं. दरड कोसळते ती अशीच.

आपल्या इंदूरजवळच्या भेरूघाटातला काळा कातळ आणि सह्याद्रीचा कातळ, दोन्ही प्राचीन लाव्हाचेच. पण सह्याद्रीवर पाऊस आपल्याहून कितीतरी जास्त. तिथे कातळ झिजून वर मातीचा जाड थर साचतो. पाणी त्यात मुरतं, खालच्या कातळाशी अडतं आणि आख्खा उतार सुटतो. त्यात झाडं तोडली, रस्त्यासाठी पायथा खणला, की धरून ठेवायला राहतं काय?

30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण असंच गेलं. सकाळी एसटीचा चालक नेहमीसारखा तिथे पोचला, तर समोर गावच नाही, नुसता चिखल. दीडशेहून अधिक माणसं गेली. रोजच्या वाटेवरचं गाव दिसेनासं झालेला तो चालक माझ्या मनातून जात नाही.

हिमालयात बर्फाचंही तसंच. थरावर थर बसतात. मधला एखादा साखरेच्या दाण्यांसारखा मोकळा राहिला, की वरची लादी सुटते. बहुतेकदा 30 ते 45 अंशांच्या उतारावर, आणि पुष्कळदा त्यावर चालणाऱ्याच्याच वजनानं. गाडलेल्या माणसाला वाचवायला हाताशी जेमतेम पंधरा मिनिटं असतात.

इंदूरहून दरवर्षी कितीतरी कुटुंबं चारधामला जातात, म्हणून कळकळीनं सांगते. उतारावर नवी भेग दिसली, झाडं-खांब कलले, झरा एकाएकी गढूळ झाला, दारं चौकटीत अडकू लागली, तर सामानासाठी थांबू नका. भरल्या पावसात ओढ्याचं पाणी अचानक आटलं तर जास्तच घाबरा. वर कुठेतरी ते अडलंय.

गढवालात 1893 मध्ये दरडीनं बिरही नदी अडवली, मोठा तलाव झाला. तो फुटणार हे ओळखून तारेची लाइन टाकली, खालच्या गावांना वेळेवर कळवलं. ऑगस्ट 1894 मध्ये पाणी सुटलं, तेव्हा गढवालचं श्रीनगर वाहून गेलं, पण माणसं आधीच उंचावर गेली होती. बळी गेला तो एका फकिराचा आणि त्याच्या घरच्यांचा. त्यांनाही हलवलं होतं. ते खाली परत आले होते.