गुंठ्याएवढा ठिपका

(बेळगावात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मघाशी माझी ओळख करून देताना मला ‘आकाशातून शेती बघणारा माणूस’ म्हटलं गेलं. मी अथणी तालुक्याच्या पूर्व अंगाचा, कोरडवाहू माळावरचा. आमच्याकडे आकाशाकडे बघतात ते ढगासाठी. आकाशातून कुणीतरी आपल्याकडं बघतंय, असं मी वडिलांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “मग पाऊस का पाडत न्हाईत ते?” पस्तीस वर्षं शिकवूनसुद्धा या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नाही.

आपला जिल्हा मोठा गमतीचा आहे. खानापूरकडं, कणकुंबीच्या बाजूला गेलात तर चार महिने छत्री मिटत नाही. तिथून पूर्वेला निघा. बेळगाव, चिकोडी, रायबाग करत अथणीला पोचेपर्यंत पाऊस पाच-सहाशे मिलिमीटरवर आलेला असतो. सह्याद्री ढगांचं ओझं आधीच उतरवून घेतो, आमच्या वाट्याला नुसतं आभाळ येतं. कोरडवाहू प्रदेश ठरवायचं शास्त्रातलं माप सोपं आहे. वर्षाचा पाऊस घ्यायचा आणि त्याला जमिनीच्या तहानेनं भागायचं. तहान म्हणजे उन्हा-वाऱ्यानं आणि झाडापानांतून जितकं पाणी उडून जाऊ शकेल तितकं. उत्तर ०.६५ च्या खाली आलं की तो कोरडा प्रदेश; ०.२ ते ०.५ मध्ये बसला की निमशुष्क. अथणी या दुसऱ्या घरात बसते.

१९७२ साली मी पाचवीत होतो. त्या दुष्काळाबद्दल या सभागृहात मी वेगळं सांगायला नको. त्याच पावसाळ्यात, २३ जुलैला, अमेरिकेनं एक उपग्रह सोडला. पुढं त्याला लँडसॅट म्हणू लागले. आम्ही हंडे घेऊन विहिरीत उतरत होतो तेव्हा जमिनीची चित्रं घेणारं ते यंत्र दर अठरा दिवसांनी त्याच वाटेनं डोक्यावरून जात होतं. हे मला पंधरा वर्षांनी डेहराडूनला प्रशिक्षणात कळलं आणि त्या रात्री झोप लागली नाही.

तिथं संगणक पुढच्या खोलीत, कुलपात. आम्ही काचेच्या लाइट टेबलावर फिल्म पसरून, भिंगातून बघून, ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीनं रेघा ओढायचो. त्या चित्रात हिरवं रान लाल दिसतं. निरोगी पान डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परत फेकतं आणि त्या प्रकाशाला चित्रात लाल रंग दिलेला असतो. सुट्टीत तसं एक चित्र घरी नेलं होतं. चुलत्यांनी कृष्णाकाठचा लाल पट्टा बघितला आणि विचारलं, “एवढी आग कुठं लागलीया?” तो ऊस होता. आज वाटतं, ते फार चुकले नव्हते.

त्या चित्रातला एक ठिपका, म्हणजे उपग्रहाला वेगळा टिपता येणारा जमिनीचा सगळ्यांत लहान तुकडा, साधारण ७९ मीटर लांब-रुंद. आपल्या हिशेबात दीड एकर. त्यात निम्मा शाळू, थोडी करडई, बांधावरची बाभळ, एखादं खोपट, सगळं कालवून एकच रंग यायचा. मग ३० मीटरचा ठिपका आला, म्हणजे नऊ गुंठे. १९८८ मध्ये आपला भारताचा उपग्रह आयआरएस-१ए गेला, १९९५ ला १सी. त्याच्या एका कॅमेऱ्याचा ठिपका साडेतेवीस मीटरचा, साडेपाच गुंठ्यांचा. २०१५ पासून युरोपचा सेंटिनेल-२ आहे, त्याचा ठिपका दहा मीटरचा. शंभर चौरस मीटर म्हणजे जवळजवळ नेमका एक गुंठा. दीड एकरापासून गुंठ्यापर्यंत, एवढीच माझी नोकरी. आणि २००८ पासून लँडसॅटचा सगळा साठा फुकट झाला. पूर्वी एका चित्रासाठी विभागाचं वर्षाचं अनुदान जायचं. आता माझी विद्यार्थिनी चहा निवेपर्यंत चाळीस वर्षं चाळून दाखवते.

माझी पहिली मोठी चूक पहिल्याच नकाशात झाली. एका माळावर मला वर्षभर लाल दिसला नाही, म्हणून मी तिथं पिवळा रंग भरून लिहिलं, ‘पडीक’. पडताळणीला गेलो तर तिथं धनगरांचा तळ. मी त्यांना नकाशा उलगडून दाखवला. त्यांतल्या म्हाताऱ्यानं विचारलं, “पडीक? मग आमची मेंढरं काय खात्यात?” तिथं गुडघ्याएवढी कुसळी उभी होती. पावसाळ्यात ती हिरवी असते तेव्हा वर ढग, त्यामुळं चित्र नाही. ढग हटतात तोवर ती वाळून मातीच्या रंगाची झालेली. उपग्रहाला दिसतं ते हिरवेपण, गवत नव्हे. ‘पडीक’ हा शब्द जमिनीचा नसून महसूल खात्याचा आहे, हे मी भूगोलाचा पदवीधर असून मला तळावर शिकावं लागलं.

थोडं गणित सांगतो, कंटाळू नका. रान किती हिरवं हे मोजायचं तर परत आलेल्या अवरक्तातून लाल प्रकाश वजा करायचा आणि दोन्हींच्या बेरजेनं भागायचं. उसाच्या फडातून अवरक्त ४५ टक्के आणि लाल ५ टक्के परत आला तर उत्तर ०.८. उघड्या काळ्या रानात १४ आणि १० आला तर जेमतेम ०.१७. एवढाच तो प्रसिद्ध हरित निर्देशांक. पण आपली माती त्याला फसवते. तेवढाच विरळ हरभरा काळ्या रानात जास्त हिरवा दिसतो, पांढऱ्या मुरमाड रानात कमी. पाऊस पडून माती गडद झाली की एकही पान न वाढता आकडा वाढतो. मातीसाठी दुरुस्ती करणारं सूत्र १९८८ मध्ये आलं, तोवर आम्ही कितीतरी पीक कागदावरच काढलं होतं!

आता आकडे बघितले तर कृष्णा-घटप्रभेचा सीमाभाग चाळीस वर्षांत हिरवा होत गेलेला दिसतो. लोक खूश होतात. मी एप्रिलचं चित्र वेगळं काढून बघतो. शाळू फेब्रुवारीत निघतो. मग एप्रिलात जे हिरवं आहे ते पावसावरचं नाही. ते नदीचं, कालव्याचं, बोअरचं. कोणत्या पाण्यावर हिरवं आहे हे निर्देशांक सांगत नाही. नदीकाठच्या काळ्या रानात पाणी मुरतं, निचरा होत नाही, खालचे क्षार वर येतात आणि फडामध्ये पांढरे चट्टे पडतात. पलीकडं सांगलीत त्याला क्षारपड म्हणतात, आमच्याकडं कन्नड शेतकरी म्हणतो सवळू-जवळू. रोग एक, नदी एक. पण मातीचे तक्ते दोन राज्यांचे, वर्गवारी वेगळी, आणि नकाशा सीमेवर येऊन कात्रीनं कापल्यासारखा थांबतो. उपग्रहाला सीमा दिसत नाही, असं टाळ्या मिळवायला म्हणता येतं. त्याच्या चित्राला अर्थ देणारे तक्ते मात्र सीमेवरच अडतात.

कोरड्या प्रदेशातली जमीन अशी खराब होत जाते, त्याला शास्त्रात वाळवंटीकरण म्हणतात. पण वाळवंट म्हटलं की आपल्याला वाळू आठवते. इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्रानं केलेल्या नकाशात २०१८-१९ साली देशाची २९.७७ टक्के जमीन ऱ्हासाखाली आहे आणि त्यात सगळ्यांत मोठं कारण वारा नसून पाण्यानं होणारी धूप आहे. आमच्या माळावर वर्षाचा पाऊस चार-दोन सरींत येतो आणि माती घेऊन जातो. २०१९ घ्या. मे महिन्यात अथणीजवळ कृष्णेचं पात्र कोरडं होतं, कोयनेचं पाणी सोडा म्हणून मागणी चालली होती. ऑगस्टमध्ये त्याच काठावरची गावं पुरात. ती दोन्ही चित्रं मी वर्गात शेजारी शेजारी लावतो आणि काही बोलत नाही.

गेल्या उन्हाळ्यात विद्यार्थिनीनं तेलसंगच्या बाजूला पांढरे ठिपके शोधले, आठ-दहा गुंठ्यांचे, लखलखीत. तिनं लिहिलं, ‘नवीन क्षारपड’. मी म्हटलं, माळावर निचरा चांगला, तिथं मीठ येईल कसं? जीप काढली. तिथं बेदाण्याची शेडं होती, वर पांढरा प्लास्टिकचा कागद. मालकानं आम्हाला सावलीत बसवलं, हकिकत ऐकून पोट धरून हसला आणि दोघांच्या ओंजळी भरल्या. येताना ती गाडीत नकाशा दुरुस्त करत होती, मी बेदाणे खात होतो.