सेलाजिनेलाची नवी जात: ओळख पटते कशी?

[दृश्य: भर पावसाळा. सह्याद्रीतल्या घाटवाटेची ओली दरड. कॅमेरा हळूहळू खडकाजवळ जातो.]

दरडीवर पसरलेल्या या हिरव्या थराला आपण सरसकट शेवाळ म्हणतो आणि पुढे निघतो. पण जरा खाली बघा. खडकाला चिकटून वाढलेली ही चपटी, नक्षीदार फांदी शेवाळाची नाही. ही सेलाजिनेला. हिच्या खोडात पाणी वाहून नेणाऱ्या नलिका आहेत आणि हिला खरी मुळं आहेत. नेच्यांच्या पूर्वजांपासूनसुद्धा हिचं कूळ सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी वेगळं झालं. युरोप-अमेरिकेतल्या दगडी कोळशाच्या खाणींत ज्या तीस-तीस मीटर उंच वृक्षांचे अवशेष सापडतात, ते हिचे लांबचे नातेवाईक. ते वृक्ष संपले. ही वीतभर वनस्पती टिकली, आणि आज जगभरात तिच्या सातशेहून अधिक जाती माहीत आहेत.

त्यांत अजूनही भर पडते आहे. ‘नवी जात सापडली’ अशी बातमी वाचली की आपल्याला निबिड अरण्य, जळवा आणि पाठीवर पिशवी घेतलेला संशोधक आठवतो. तसं घडतंही. पण कित्येकदा ती वनस्पती कुणीतरी पूर्वीच गोळा केलेली असते, आणि कागदावर चिकटवलेली, दुसऱ्याच जातीचं नाव लावलेली, संग्रहालयाच्या कपाटात पडून असते. पनामाचे वनस्पतिशास्त्रज्ञ इव्हान वाल्देस्पिनो यांनी अमेरिका खंडातल्या अनेक नव्या सेलाजिनेला उजेडात आणल्या. त्यांच्या कामात जंगलाइतकेच असे वाळलेले नमुने महत्त्वाचे आहेत.

[दृश्य: प्रयोगशाळा. काचपट्टीवर फांदीचा तुकडा. भिंगातून दिसणारं चित्र.]

बहुतेक जातींत फांदीवर पानांच्या चार रांगा असतात. दोन्ही बाजूंना पसरलेली मोठी पानं, आणि वरच्या अंगाला, खोडाला बिलगून, लहान पानांच्या दोन रांगा. नुसत्या डोळ्यांनी बाजूची पानंच तेवढी नजरेत भरतात. जाणकार मात्र आधी वरची लहान पानं बघतो. त्यांचं टोक किती लांब? ते सरळ आहे की मागे वळलेलं? कडेला बारीक केस आहेत की दाते? केस असतील, तर ते पानाच्या तळाशीच आहेत की टोकापर्यंत? पानाच्या कडेची पांढरट किनार किती पेशी रुंद आहे? एखाद्या मिलिमीटरच्या पानाला इतके प्रश्न विचारावे लागतात. या पानाच्या तळाशी जिभेसारखा एक इवला पापुद्रा असतो. तो दिसला की सेलाजिनेलाच्या ओळखीचा एक मोठा पुरावा मिळाला.

आता फांदीचं टोक. इथे चौकोनी, टोकदार असा शंकू येतो. त्यातल्या काही पिशव्यांत शेकडो सूक्ष्म बीजाणू, म्हणजे बीविना पुढची पिढी घडवणारे कण, असतात, ते नर. काही पिशव्यांत बहुधा फक्त चारच बीजाणू, पण टपोरे, ते मादी. पिशवी सुईने अलगद उघडली की ते चार दाणे भिंगाविनाही दिसतात, रव्याच्या कणांसारखे. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या पृष्ठभागावर जाळी दिसते, उंचवटे दिसतात, कंगोरे दिसतात. पानांत सारख्या दिसणाऱ्या दोन जाती पुष्कळदा इथे वेगळ्या पडतात. मला या वनस्पतीत सर्वांत मोलाचे वाटतात ते हे दाणे. एकाच झाडावर लहान-मोठे असे दोन प्रकारचे बीजाणू तयार होणं, ही बी तयार होण्याच्या वाटेवरची पायरी समजली जाते. बियांच्या झाडांनी ती पायरी स्वतंत्रपणे गाठली. इथे ती आजही जिवंत बघता येते.

काही खुणा मात्र कागदावर टिकत नाहीत. मलेशियाच्या जंगलातली सेलाजिनेला विल्डेनोवी सावलीत मोरपंखी निळी चमकते, आणि पान ओलं झालं की तो निळा रंग दिसेनासा होतो. म्हणून रंग, उंची, खडक की माती, ऊन की सावली, हे सगळं जागेवरच वहीत उतरवावं लागतं.

[दृश्य: वनस्पतिसंग्रहालय. लोखंडी कपाटं. एकामागून एक उलटले जाणारे नमुन्यांचे कागद.]

इथून पुढे चिकाटीचं काम. आपल्या हातातली जात आधी कुणी वर्णिलेली नाही, हे दाखवायचं असतं. भारतातल्या सेलाजिनेलांची सूची ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ ऑल्स्टन यांनी १९४५ मध्ये केली. १९९२ मध्ये आर. डी. दीक्षित यांचा भारतीय जातींवरचा ग्रंथ आला. हे सगळं चाळायचं, जवळच्या प्रत्येक जातीचा मूळ नमुना, म्हणजे ज्याच्याशी तिचं नाव कायमचं जोडलेलं असतं तो, बघायचा, आणि फरक एकाच झाडापुरता नसून तिथल्या सगळ्या झाडांत आहे याची खात्री करायची. जोडीला आता जनुकीय तुलनाही असते.

मग वर्णन. १९३५ पासून २०११ संपेपर्यंत ते लॅटिनमध्येच द्यावं लागे. १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजीही चालतं. एक नमुना ‘मूळ नमुना’ म्हणून ठरवावा लागतो आणि तो कुठल्या संग्रहालयात ठेवला आहे, तेही छापावं लागतं. यातलं काही राहिलं, तर नाव ग्राह्य धरत नाहीत.

[दृश्य: अंबराचा मधाळ तुकडा, आत फांदी.]

म्यानमारच्या काचिन प्रांतातल्या अंबरात, म्हणजे झाडाच्या घट्ट झालेल्या राळेत, सुमारे दहा कोटी वर्षांपूर्वीच्या सेलाजिनेला अडकलेल्या आहेत. त्यांतूनही अनेक नव्या जातींचं वर्णन झालंय. डायनोसॉरच्या काळातच हे कूळ किती विविध झालं होतं, ते त्यावरून कळतं.

[दृश्य: पुन्हा दरड. शेजारी रुंद होणारा रस्ता.]

घाटरस्ता रुंद करताना दरड तासली जाते. त्यापूर्वी तिथल्या वनस्पतींची यादी झालीच, तर तिच्यात नाव असलेल्याच जाती येतात. एकाच डोंगरउतारावर वाढणारी, नाव न मिळालेली सेलाजिनेला त्या यादीत कुठे लिहिणार? म्हणून हे वर्णनाचं काम तातडीचं आहे.

पावसाळ्याच्या अखेरीस, शंकू धरलेले असताना, तुम्ही या वाटेने आलात तर फांदी उपटू नका. तिचा वरून एक फोटो घ्या, फांदी हलकेच उलटून खालून एक, आणि शंकूचा अगदी जवळून एक. बाजूला मोजपट्टी ठेवा. जागा आणि तारीख नोंदवा, आणि हे सगळं जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना दाखवा.